जेव्हन्सचा दाखला आणि स्वस्त कृत्रिम बुद्धिमत्ता

दि. २७ जानेवारी २०२५ रोजी एन्व्हिडिया या अमेरिकन चिपनिर्मात्या कंपनीच्या भागांची किंमत सुमारे १७ टक्क्यांनी कोसळली व एका दिवसात तिचे सुमारे ५८९ अब्ज डॉलरांचे बाजारमूल्य नाहीसे झाले. चीनमधील डीपसीक कंपनीने अल्प खर्चात घडविलेली प्रतिमाने हे त्याचे निमित्त. या घबराटीला जे उत्तर देण्यात आले त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे काटकसरीने वापर घटत नाही, उलट वाढतो. सबब गुंतवणूकदारांनी भिण्याचे कारण नाही, असे हे उत्तर. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनीही त्याच सुमारास जेव्हन्सचा हवाला दिला होता.

ज्या आकड्याने बाजार हादरला तो प्रथम नीट वाचला पाहिजे. डीपसीकच्या व्ही-३ या प्रतिमानाच्या अहवालात २७ लाख ८८ हजार चिप-तास, तासाला २ डॉलर भाडे धरून, ५५ लाख ७६ हजार डॉलर असा हिशेब आहे; मात्र पूर्वसंशोधनाचा व प्रयोगांचा खर्च यात धरलेला नाही, असेही तेथेच स्पष्ट म्हटले आहे. (त्या चिपाही एन्व्हिडियाच्याच होत्या, ही गोष्ट मौजेची.) तथापि स्वस्ताई खोटी नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालानुसार ठराविक दर्जाच्या प्रतिमानाच्या वापराचा दर नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२४ या काळात दहा लाख शब्दखंडांस २० डॉलरांवरून ७ सेंटांवर आला.

आता जेव्हन्सकडे वळू. स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडास लागणारा कोळसा पूर्वीच्या तृतीयांशाहूनही कमी झाला, पण १८३० ते १८६३ या काळात कोळशाचा एकूण खप दसपट झाला, हा त्याचा पुरावा. त्याची चिंता होती ती इंग्लंडच्या खाणी आटण्याची. खाणमालकांच्या नफ्याविषयी त्याने हे विधान केलेले नाही, आणि नेमका हाच भेद आजचे त्याचे पुरस्कर्ते पुसून टाकतात. दर दशांशावर आला आणि वापर पाचपट झाला, तर खप वाढूनही विक्रेत्याची आवक निम्मी होते. इंग्लंडमधील रेल्वेची वाहतूक वाढतच गेली; १८४० च्या दशकातील उन्मादात भाग घेणारे कित्येक मात्र बुडाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे बाजारमूल्य ५,००० अब्ज डॉलरांवर गेले, तेव्हा जेव्हन्सचा पक्ष सिद्ध झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यातून दिसते ते एवढेच की, मोजक्या धनाढ्य कंपन्या चिपांवर अफाट खर्च करीत आहेत. अंतिम ग्राहकाकडून तो भरून निघेल की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

गुंतवणुकीच्या व्यवसायाचे काय होईल, हा प्रश्न आमच्या मते याहून अधिक महत्त्वाचा असून त्याकडे फारच थोडे लक्ष गेले आहे. डीपसीकचा जन्मच मुळी हायफ्लायर या गणिती पद्धतीने चालणाऱ्या गुंतवणूक-निधीच्या पोटी झाला, आणि तिने आपले आर-१ हे प्रतिमान सर्वांना खुले केले. ग्रॉसमन व स्टिग्लिट्झ यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादन केले होते की, माहिती मिळविण्यास खर्च येतो म्हणूनच ती मिळविणाऱ्यास मोबदला मिळतो. तो खर्च घटला की माहितगारांची गर्दी होते, किंमतीत अधिक माहिती उतरते आणि प्रत्येकाची आघाडी आकसते. ताळेबंद वाचण्याचे कौशल्य अशा रीतीने कवडीमोल होईल. जे कोठेही छापलेले नाही ते जाणणाऱ्याचा भाव वाढेल. पण एक धोका त्या सिद्धान्तात बसत नाही. तेथे माहितगारांची माहिती खरी धरलेली आहे. हजारो निधींनी तीच दोन-चार प्रतिमाने वापरली, तर त्यांच्या चुकाही एकाच दिशेच्या होतील आणि सर्वजण एकाच वेळी विकावयास निघतील. गॅरी गेन्सलर व लिली बेली यांनी २०२० मध्येच या एकजिनसीपणाकडे लक्ष वेधले होते. त्यानंतर प्रतिमाने स्वस्त झाली आहेत, म्हणजे त्या इशाऱ्याची व्याप्ती वाढली आहे.