सेट-टॉप बॉक्सची चाचणी : अवरक्त प्रेषकांच्या मर्यादा

सेट-टॉप बॉक्सच्या चाचणीसाठी संगणक-जाळ्याशी जोडलेले अवरक्त प्रेषक वापरले जातात. आज्ञा मिळताच असे यंत्र सुमारे ३८ किलोहर्ट्‌झच्या वाहक लहरीवर रिमोटचा संकेत सोडते. एकाच वेळी अनेक बॉक्सची बटणे रात्रभर ‘दाबली’ जातात. ही सोय निर्विवाद होय. मात्र हा संकेत एकतर्फी असतो. बॉक्सने तो स्वीकारला की नाही, हे प्रेषकाला कळत नाही. म्हणून पडद्यावरील चित्र टिपून पडताळल्याशिवाय या प्रक्रियेस चाचणी म्हणणे धाडसाचे ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केबलच्या अंकीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली होती. बल्लारपूरसारख्या नगरपरिषदेच्या शहरांतील केबलग्राहकाला बॉक्सशिवाय पर्याय ठेवला गेला नाही. त्याच्या घरात अंतर, तिरपा कोन, उतरलेले सेल आणि दारातून येणारे विदर्भाचे ऊन (सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतातच) यांतून संकेताला वाट काढावी लागते. प्रयोगशाळेत प्रेषक बहुधा बॉक्सच्या डोळ्यासमोरच चिकटवलेला असतो. ग्राहकाच्या हाती येणारा रिमोट तर तेथे नसतोच.