एकदा अवश्य भेट द्या

साहित्याचे समीक्षक पुष्कळ आहेत. जाहिरातींचा समीक्षक, माझ्या माहितीप्रमाणे, कोल्हापुरात मी एकटाच. हा मान मला कुणी दिलेला नाही, मीच घेतला आहे. कादंबरीवर लिहायचं तर ती निदान अर्धी तरी वाचावी लागते. पाट्यांचं तसं नाही. राजारामपुरीतल्या घरून निघून लक्ष्मीपुरीतल्या बँकेत पोचेपर्यंत, स्कूटर तीसच्या वर न नेता, माझ्या रोज शे-दीडशे पाट्या वाचून होतात. बावीस वर्षं ही साधना चालू आहे. एवढ्या काळात दुसऱ्या कुणाची ज्ञानेश्वरी पाठ झाली असती. माझं 'एकदा अवश्य भेट द्या' पाठ झालं.

आता हेच वाक्य घ्या. 'एकदा'च का? दुसऱ्यांदा गेलो तर मालक ओळख दाखवणार नाही का? सराफाच्या दुकानावर हेच वाक्य, चहाच्या गाड्यावर हेच, सायकलच्या पंक्चरवाल्याकडेही हेच. दाताच्या एका दवाखान्याच्या पत्रकावरही मी ते वाचलं आहे. तिथे मात्र 'एकदा' हा शब्द मला मनापासून पटला.

त्याच्या खालोखाल 'योग्य दर, तत्पर सेवा'. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे 'दर' हा शब्द दिसला की थांबतो. अयोग्य दरात सुस्त सेवा मिळेल, अशी पाटी आजवर कुणी लावलेली नाही. (तशी सेवा आमच्या बँकेत मिळते, पण पाटी आम्हीही लावलेली नाही.) यावरून मी समीक्षेचा एक नियम काढला आहे. ज्या विधानाच्या उलट विधान जगात कुणीच करणार नाही, ते विधान पाटीवर लिहिणं म्हणजे रंग फुकट घालवणं. हा नियम लावून लक्ष्मीपुरीतून एक चक्कर मारा. शंभरातल्या नव्वद पाट्यांवर मालकाचं नाव आणि फोन नंबर एवढंच वाचण्यासारखं उरतं.

आणि मग येतं 'अस्सल'. या शब्दाचे आमच्या गावाइतके हाल कुठे झाले नसतील. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली ती ठाण्यात. वेटरला विचारलं, "यात कोल्हापुरी काय आहे?" तो म्हणाला, "तिखट." मी त्याला सांगणार होतो की, बाबा रे, आमच्याकडे पांढरा रस्साही असतो आणि तो आम्ही वाटीवर वाटी पितो. पण तोवर माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं होतं आणि त्याला वाटलं, मला गावाची आठवण आली. महालक्ष्मीचं, शाहू महाराजांचं, कुस्तीच्या तालमींचं हे गाव. त्याचं आधी विशेषण झालं आणि मग त्या विशेषणाची चमचाभर चटणी झाली.

बरं, गावाला जाहिरातीची परंपरा नाही म्हणावं तर तसंही नाही. बाबूराव पेंटर याच गावचे. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर देशातल्या आज उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांत धरतात. पोस्टर बघून माणसाला आत जावंसं वाटलं पाहिजे, हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आज त्याच गावात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. एका फ्लेक्सवर मी बत्तीस चेहरे मोजले. वाढदिवस त्यातल्या नेमक्या कुणाचा, हे कळेपर्यंत सिग्नल सुटला.

इतके दिवस ही समीक्षा मी फुकट आणि बिनधोक करत होतो. समीक्षकाला स्वतः लिहायला सांगितलं की त्याची खरी पंचाईत होते. ती वेळ माझ्यावर चप्पल लाइनीतल्या मामांनी आणली.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या काउंटरवर पंधरा वर्षं येणारे गिऱ्हाईक. चपलांचं लहानसं दुकान, मागच्या खोलीत घरची चार माणसं कामाला. परवा-परवापर्यंत हप्ता तारखेच्या आधी भरायचे. त्या दिवशी आले ते रिकाम्या हातांनी. थकबाकीला सत्तावन्न दिवस झाले होते. नव्वद दिवस उलटले की खात्याला आमच्या भाषेत 'अनुत्पादक' म्हणतात. पहाटेपासून कातडं कापणाऱ्या माणसाच्या खात्याला हा शब्द लावायचा म्हणजे, आता काय सांगू!

मामा म्हणाले, "सायेब, तुम्ही बी.कॉम. न्हवं? एक जाहिरात लिवून द्या की झकास."

"काय लिहू?"

"लिवा, अस्सल कोल्हापुरी."

"शेजारच्या दुकानावर काय लिहिलंय?"

"अस्सल कोल्हापुरी."

"त्याच्या पलीकडे?"

"तिथं बी त्येच. अन् सायेब, त्येच्यात निम्मा माल रेक्झिनचा हाय वो!"

आता हा प्रश्न थट्टेचा राहिला नव्हता. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांचा त्या नावावर हक्क आहे. म्हणजे 'कोल्हापुरी' या नावामागे कायदा उभा आहे. 'अस्सल' मात्र अनाथ आहे. तो कुणीही उचलावा आणि रेक्झिनला चिकटवावा.

घरी येऊन मी लिहायला बसलो. कॉलेजात जाहिरातशास्त्राच्या पेपरात चार पायऱ्या शिकवल्या होत्या : आधी गिऱ्हाइकाचं लक्ष वेधा, मग गोडी लावा, मग इच्छा चाळवा आणि शेवटी त्याला खिशात हात घालायला लावा. या पेपरात मला एक्केचाळीस मार्क होते. त्या एक्केचाळीस मार्कांच्या बळावर मी लिहिलं : 'पादत्राणांच्या विश्वातील एक देदीप्यमान परंपरा, जिने पिढ्यान् पिढ्या रसिकांची पावले धन्य केली...' सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, ही चपलेची जाहिरात आहे की शोकसभेतलं भाषण?"

मी कागद फाडला. माझाच नियम मला लागू होत होता. आमच्या चपलेनं पावलं धन्य होत नाहीत, असं कोण लिहिणार होतं?

दुसऱ्या दिवशी काउंटरवर नोटा मोजताना लक्षात आलं की आपल्या हातून रोज एक उत्तम जाहिरात जाते. नोटेवर 'अस्सल' लिहिलेलं नसतं, 'एकमेव' नसतं, 'एकदा अवश्य वापरून पाहा' तर नसतंच. धारकाला इतके रुपये देण्याचं वचन आणि खाली गव्हर्नरांची सही. बस्स! एक वचन आणि ते देणारा माणूस. तेवढ्यावर सगळा देश विश्वास ठेवतो.

मग मला किर्लोस्करांचा नांगर आठवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष बाधेल म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, ती आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात. 'देदीप्यमान नांगर' असं लिहून त्या शेतकऱ्यानं तो घेतला असता का? त्याच्या मनात भीती होती आणि तिला उत्तर हवं होतं. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं घरचं पत्र ते, पण त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मागोमाग 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. ज्या कारखान्यात नांगर होत होते, त्याच कारखान्याच्या पोटी मराठीतली तीन मासिकं जन्माला आली. विकणारा माणूस गिऱ्हाइकाशी सरळ बोलायला लागला की गोष्ट कुठवर जाते, पाहा!

संध्याकाळी वही घेऊन मामांच्या दुकानात गेलो. म्हटलं, "मामा, जे गिऱ्हाईक चप्पल घेतं त्याचं राहू दे. जे न घेता परत जातं, ते काय म्हणतं?"

मामांनी बोटं मोजली. "एक म्हंतंय, चावती. दुसरं म्हंतंय, पावसात जाती. तिसरं म्हंतंय, म्हाग हाय, रस्त्यावर तीनशेला मिळती."

"मग तुम्ही काय सांगता?"

"म्या काय सांगू? खरंच हाय की ते!"

बोलता बोलता इटलीचा विषय निघाला. प्राडा या कंपनीनं जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्याच चपला पुरुषांच्या पायात घातल्या आणि त्यांना नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीनं भारतीय कारागिरीवरून कल्पना घेतल्याचं मान्य केलं. पुढे डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला : महाराष्ट्र-कर्नाटकात दोन हजार जोड करायचे, किंमत सुमारे ८०० युरो.

"म्हंजे किती वो?"

"ऐंशी हजारांच्या वर."

मामांनी पायातली चप्पल काढून हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "हिला ठावं न्हाई अजून." आणि परत पायात घातली.

तिथे मला सापडलं. कंपनीनं आपलं नाव वगळलं म्हणून आपण चिडलो, ते योग्यच. पण आपण तरी 'कोल्हापुरी' या शब्दापुढे काय सांगत होतो? चामडं झाडाच्या सालीनं कमावतात, टाच खिळ्याशिवाय चामड्याच्या वादीनं शिवतात, वेणी बायका हातानं विणतात, हे गिऱ्हाइकाला कधी सांगितलं? कापशी कुठली आणि कुरुंदवाडी कुठली, हे कधी दाखवलं? आपण सगळ्यांनी मिळून 'अस्सल' लिहिलं आणि गप्प बसलो.

दोघांनी मिळून पत्रक लिहिलं ते असं :

'आमची चप्पल पहिले आठ दिवस चावते. नंतरही चावली तर आणून द्या, सैल करून देऊ.

पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा आणि तेलाचं बोट फिरवा.

तीनशे रुपयांची चप्पल आमच्याकडे मिळत नाही. आमच्या चपलेत चामडं आणि शिवण आहे, खिळा नाही. उलटी करून बघा.

शिवण सुटली तर शिवून देऊ. शिवणारी माणसं मागच्या खोलीत बसलेली आहेत. आत येऊन बघा.'

मामा धास्तावले. "चावती असं छापायचं? लोक काय म्हंतील?"

"चावते की नाही?"

"चावती की!"

"मग दुसरा कुणी सांगण्याआधी आपण सांगू. पुढचं वचन लोक खरं मानतील ते याच ओळीमुळे."

हजार पत्रकं छापली, पेपरवाल्या पोरांकडून घरोघर टाकली. पहिल्या आठवड्यात बारा-तेरा गिऱ्हाईकं हातात पत्रक घेऊन आली. दोघं नुसती मागची खोली बघून गेली. एक गृहस्थ बरोबर नवव्या दिवशी हजर : "अजून चावते." मामांनी तेल लावून, पट्टा ओढून सैल करून दिली. गृहस्थ ती घालून दोन फेऱ्या मारून आले आणि बायकोसाठी दुसरा जोड घेऊन गेले. लग्नसराई तोंडावर होती, हेही समीक्षकानं प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. एकट्या माझ्या गद्याचा हा प्रताप नव्हे. पण चौऱ्याऐंशीव्या दिवशी मामा काउंटरवर आले आणि थकलेला हप्ता व्याजासकट ठेवला. नोटा मोजताना माझे हात जरा जास्तच रेंगाळले. मागच्या रांगेतून कुणीतरी 'तत्पर सेवा' असं काहीतरी पुटपुटलंसुद्धा.

एवढं यशस्वी पत्रक, तेव्हा त्याची समीक्षाही व्हायला हवी. ती मामांनीच केली. पत्रकं छापून आली त्याच रात्री त्यांचा फोन आला. "सायेब, सगळं झकास हाय. पर दुकान कुठं हाय, त्ये लिवायचं ऱ्हायलं की वो!"

मला घाम फुटला. नाव नाही, पत्ता नाही. प्राडाला नावं ठेवून मी तेच केलं होतं. हजार पत्रकं पुन्हा छापायला पैसे नव्हते. शेवटी मामांनी दुकानाचा जुना रबरी शिक्का काढला आणि घरच्या सगळ्यांनी बसून पहाटेपर्यंत हजार पत्रकांवर तो मारला. म्हणूनच गिऱ्हाईकं दुकानापर्यंत पोचू शकली.

त्यातलं एक पत्रक मी जपून ठेवलं आहे. खाली जांभळ्या शाईत दुकानाचं नाव आहे, पत्ता आहे, फोन नंबर आहे. आणि त्याच्याही खाली, जरा तिरकं उमटलेलं, पण स्वच्छ वाचता येतं :

'अस्सल कोल्हापुरी. एकदा अवश्य भेट द्या.'