आम्नाय आणि पाठभेद

महानुभाव संप्रदायातील आम्नायांचा विचार बहुधा फुटीचा इतिहास म्हणूनच केला जातो. नागदेवाचार्यांनंतर तेरा आम्नाय मानले गेले. त्यांपैकी उपाध्ये व कवीश्वर हे दोन पुढे प्रमुख ठरले. वाङ्मयदृष्ट्या मात्र हा भेद केवळ ऱ्हासाचा नव्हे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्रात हरवली, असे संप्रदायाची परंपरा सांगते. स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले, आणि ते एकाहून अधिक होते.

येथे हटराइट समाजाशी तुलना उद्बोधक ठरते. १८७४ ते १८७९ या काळात अमेरिकेत आलेल्या या सामायिक धनाच्या समाजाच्या तीन शाखा झाल्या. श्मीडेलॉइट व लेररलॉइट ही नावे आद्य नेत्यांच्या लोहार व शिक्षक या व्यवसायांवरून, तर दारियुसलॉइट हे नेत्याच्या नावावरून पडले. तरी सतराव्या शतकातील प्रवचने तिन्ही शाखांना समान राहिली. कारण ती विभागणीपूर्वीच लेखनबद्ध झाली होती. तेथे समाज विभागला, पाठ राहिला. महानुभावांत आम्नायभेदाच्या सुमारासच पाठाची पुनर्रचना घडली.

वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनाने ‘लीळाचरित्रा’च्या अभ्यासाला भक्कम पाया दिला. तथापि पाठभेदांना केवळ लेखकप्रमाद मानणे अपुरे आहे. त्यांत स्मरण करणाऱ्या समाजाचा इतिहास आहे. एकच ‘मूळ’ शोधताना तो तळटीपेत लोटला जाऊ नये.