सक्तीचा शृंगार, सक्तीचे विद्रूपीकरण : स्त्रीसौंदर्याच्या नियमनाचे मराठी संदर्भ

मराठी समीक्षेत 'सौंदर्य' या संज्ञेला जेवढी प्रतिष्ठा लाभली, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या संज्ञेला लाभली असेल. बा. सी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) आणि रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) हे या चर्चेचे दोन ठळक टप्पे होत. लयतत्त्व, कलाकृतीची स्वायत्तता, कांटप्रणीत हितसंबंधनिरपेक्ष आस्वाद यांविषयी या परंपरेत जो काटेकोर ऊहापोह झाला, त्याचे मोल वादातीत आहे. मात्र ज्या समाजात ही चर्चा चालू होती, त्याच समाजात 'सौंदर्य' हा शब्द दुसऱ्या एका व्यवहारातही चलनात होता. 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' ही वधूविषयक जाहिरातींची भाषा, 'नाकीडोळी नीटस', 'रंगाने उजळ', 'दिसायला जरा डावी' हे घराघरांतील अभिप्राय, आणि मुलगी 'दाखवण्या'चा रीतसर कार्यक्रम या सर्वांतून स्त्रीच्या रूपाचे मूल्यमापन अव्याहत होत होते. हे मूल्यमापन हितसंबंधनिरपेक्ष नव्हते. हुंडा, कुळाची प्रतिष्ठा, जात आणि वंशसातत्य यांचे हितसंबंध त्यात उघडपणे गुंतलेले होते. सौंदर्यशास्त्राने या व्यवहाराला आपल्या कक्षेबाहेर ठेवले, ते 'हा सौंदर्याचा प्रश्नच नव्हे' अशा भूमिकेतून. स्त्रीवादी समीक्षेला मात्र ही सीमारेषा मान्य करता येत नाही.

पाश्चात्त्य स्त्रीवादाने या प्रश्नाची मांडणी प्रामुख्याने सक्तीच्या अंगाने केली. पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी, शिवाय स्वतःला पाहिले जाताना न्याहाळणारी स्त्री, हे जॉन बर्जर यांचे विश्लेषण १९७२ मधले. सँड्रा बार्टकी यांनी १९८८ मध्ये मिशेल फुको यांच्या सर्वदर्शी कारागृहाच्या प्रतिमानाचा आधार घेऊन असे दाखवले, की आहार, हालचाल, त्वचा आणि केस यांची निगा राखणारी स्त्री स्वतःच स्वतःची पहारेकरी बनते. नेओमी वुल्फ यांच्या 'द ब्यूटी मिथ' (१९९०) या ग्रंथाने हा विचार व्यापक वाचकवर्गापर्यंत नेला. स्त्रियांच्या मार्गातील कायद्याचे आणि अर्थव्यवहाराचे अडसर जसजसे दूर होतात, तसतसा सौंदर्याच्या अपेक्षेचा भार वाढत जातो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र आहे. १९९० नंतरच्या मराठी स्त्रीवादी लेखनाने हे प्रतिमान बऱ्याच अंशी जसेच्या तसे स्वीकारले. तथापि, ज्या समाजात काही स्त्रियांना सुंदर दिसण्याची सक्ती होती आणि काहींना सुंदर दिसण्याची बंदी होती, त्या समाजाला केवळ सक्तीचे प्रतिमान पुरते काय, हा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

१

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात स्त्रीच्या रूपाविषयीचा सर्वांत तीव्र वाद शृंगाराभोवती नव्हे, तर केशवपनाभोवती झाला. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी आणि वेणीफणी ही सवाष्णीची लेणी. ती न लेणे हा अपराध. पतीच्या निधनानंतर मात्र हीच लेणी लेणे हा अपराध ठरत असे. ब्राह्मण आणि तत्सम जातींत त्यापुढे जाऊन विधवेचे डोकेही भादरले जाई. एका दिवसात, एका शरीरावर, एकाच व्यवस्थेने आपला आदेश उलटा फिरवावा, यातच या व्यवस्थेचे मर्म दडलेले आहे. सौंदर्य हे तिचे साध्य नव्हतेच. स्त्रीचे दृश्य शरीर कोणाच्या मालकीचे आहे, हे समाजाला वाचता यावे अशी चिन्हव्यवस्था उभी करणे हे तिचे साध्य होते. शृंगार आणि विद्रूपीकरण ही त्या चिन्हव्यवस्थेची परस्परावलंबी पदे होत.

हे मर्म ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ओळखले होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील भ्रूणहत्येचा खटला आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर झालेली चिखलफेक ही 'स्त्रीपुरुष तुलना' या निबंधाची पार्श्वभूमी. ताराबाईंचा युक्तिवाद करुणेच्या आवाहनावर थांबत नाही. बायको मेली की पुरुषाने दाढीमिशा उतरवून अरण्यात का जाऊ नये, असा प्रश्न त्या विचारतात, तेव्हा वरवर पाहता तो उपरोध वाटतो. परंतु तुलनेच्या या पद्धतीने एक सैद्धांतिक काम साधले आहे. वैधव्याचे चिन्ह पुरुषाच्या देहावर कल्पून पाहताच ते हास्यास्पद वाटते, आणि ते हास्यास्पद वाटणे हाच ते चिन्ह स्वाभाविक नसून लादलेले असल्याचा पुरावा ठरतो. 'स्वाभाविक' या कोटीची अशी उकल मराठी गद्यात इतक्या लवकर झाली असावी, याची दखल सौंदर्यविषयक चर्चेने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत (लेखन-प्रकाशन १८९० ते १८९३) यमूच्या केशवपनाचा प्रसंग हा कथानकाचा परमोच्च बिंदू आहे. या प्रसंगाचे वाचन सहसा 'सुधारणावादी कारुण्य' या शीर्षकाखाली होते. तथापि निवेदनाचा विचार केल्यास दुसरे एक सूत्र हाती लागते. कादंबरी यमूच्या आत्मकथनाच्या रूपात आहे. तिच्या देहावरचा तिचा अधिकार बळाने हिरावून घेतला जातो, पण तो हिरावला गेल्याचे सांगण्याचा अधिकार तिच्याकडे राहतो. पाहिली जाणारी स्त्री येथे सांगणारी होते. अर्थात हा आवाज पुरुष लेखकाने रचलेला आहे, आणि यमूचे कर्तेपण सांगण्यापुरतेच सीमित राहते, ही या संहितेची मर्यादा आहे. कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली त्याच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवण्याची भाषा करणे, ही साहित्यातील करुणेपेक्षा वेगळ्या जातीची घटना होती. पंडिता रमाबाईंचे आखूड केस आणि पांढरा साधा वेश यांचा अर्थही या संदर्भात लावावा लागतो. केस नसणे आणि केस न राखणे यांत दिसण्याचा फरक थोडा आहे, अर्थाचा फरक मोठा आहे.

२

विसाव्या शतकात स्त्रीशिक्षणाबरोबर बंदीचे अंग क्षीण होत गेले आणि सक्तीचे अंग बळावले. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथासंग्रहाने उडवलेली खळबळ सुविदित आहे. ती प्रामुख्याने स्त्रीच्या कामभावनेच्या उच्चारामुळे उडाली, असे मानले जाते. परंतु या कथांचा आर्थिक गाभाही तितकाच महत्त्वाचा आहे. त्यांतील स्त्री शिकलेली आहे, बहुधा मिळवती आहे, आणि तरीही विवाहाच्या बाजारात तिची किंमत तिच्या शिक्षणावरून ठरत नाही. 'देखणी' या शब्दाची घडणच येथे बोलकी ठरते. 'देखणे' या क्रियेपासून सिद्ध झालेल्या या विशेषणात पाहणारा गृहीतच आहे. तो पाहणारा अनुपस्थित असला, तरी त्याच्या संभाव्य नजरेने ही स्त्री स्वतःला तपासत राहते. बार्टकी ज्याला आत्मनिगराणी म्हणतात, तिचे हे नमुने त्यांच्या निबंधाच्या अर्धशतकापूर्वीचे आहेत. स्त्री सार्वजनिक जीवनात पाऊल टाकते तेव्हा रूपाची अट अधिक कडक होते, या वुल्फ यांच्या सूत्राला या कथांतून दुजोराच मिळतो. तेव्हा सक्तीचे प्रतिमान अयोग्य आहे असे नव्हे. ते शिक्षित, मध्यमवर्गीय, सवर्ण स्त्रीच्या बाबतीत बरेच स्पष्टीकरणक्षम आहे. प्रश्न त्याच्या सार्वत्रिकतेच्या दाव्याचा आहे.

३

हा दावा दलित स्त्रियांच्या आत्मकथनांपाशी अडखळतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं' (पुस्तकरूप १९८६) मध्ये वस्त्रविषयक निर्बंधांचे जे तपशील येतात, त्यांत लुगड्याच्या काठाचा तपशील विशेष लक्षणीय आहे. सवर्ण स्त्रीचे काठ दिसावेत आणि महार स्त्रीचे काठ निऱ्यांत दडलेले असावेत, असा दंडक होता. येथे स्त्रीवर सुंदर दिसण्याचे दडपण नाही. सुंदर दिसणे, किंबहुना नेटके दिसणे, हाच अपराध आहे. विधवेवरील बंदी आणि ही बंदी यांचे स्वरूपही एक नाही. विधवेकडून एकेकाळी दिलेली लेणी काढून घेतली जात. दलित स्त्रीला ती मुळात नाकारलेली होती. पहिलीचा संबंध सवर्ण घरातील लैंगिकतेच्या नियंत्रणाशी होता, तर दुसरीचा जातीची उतरंड रस्त्यावर डोळ्यांना दिसत राहावी याच्याशी. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये 'ब्राह्मणी पितृसत्ता' ही संकल्पना मांडली, तिच्या आधारे या दोन बंदींतला आंतरिक संबंध उलगडता येतो. एका स्त्रीची 'शुद्धता' आणि दुसरीचे 'हीनत्व' ही एकाच जातिव्यवस्थेची उत्पादिते आहेत.

यातील विसंगती तमाशाच्या फडावर पूर्णत्वास जाते. जिचे काठ गावात दिसता कामा नयेत, त्याच जातिसमूहांतील स्त्रीने फडावर मात्र नटूनसजून उभे राहणे हा पोटापाण्याचा भाग होता. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंत स्त्रियांविषयीच्या १९९५ मधील लेखात खालच्या जातींतील स्त्रियांच्या लैंगिकतेवर वर्चस्वशाली वर्गाने मिळवलेल्या ताब्याचे विश्लेषण केले आहे. त्याचा येथे निघणारा निष्कर्ष असा, की बंदी आणि सक्ती या दोन स्त्रियांमध्ये वाटलेल्या असतातच असे नाही. स्थळ बदलले, पाहणारा बदलला, की एकाच समूहातील स्त्रीवर त्या आळीपाळीने लादल्या जातात.

डिसेंबर १९२७ मधील महाड सत्याग्रह परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण ठरलेले गळ्यातील आणि हातातील जड दागिने टाका, स्वच्छ राहा, असा त्या भाषणाचा आशय होता. केवळ सक्तीचे प्रतिमान हाती घेऊन हे भाषण वाचले, तर एक पुरुष नेता स्त्रियांच्या वेशाविषयी आदेश देत आहे आणि आदर्श म्हणून उच्चवर्णीय स्त्रीचे रूप पुढे ठेवीत आहे, एवढेच दिसेल. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे. येथे आवाहन सौंदर्याचे नसून चिन्ह पुसण्याचे आहे. पेहराव पाहताच जात ओळखता येऊ नये, हा त्याचा हेतू आहे. 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांचे अनुभव संकलित केले, त्यामुळे या स्त्रिया केवळ आदेश झेलणाऱ्या नव्हत्या, हे समीक्षेसमोर आले. नीट नेसलेल्या लुगड्याला 'भ्रामक जाणीव' म्हणणारा स्त्रीवाद या इतिहासाच्या बाहेर उभा राहून बोलत असतो.

४

या भेदाचे व्यावहारिक मोल १९९० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. १९९४ साली सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी ठरल्या. १९९६ मध्ये बंगळूर येथे जगत्सुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा तिला दोन दिशांनी विरोध झाला. स्त्री संघटनांचा आक्षेप देहाच्या बाजारीकरणाला होता, संस्कृतिरक्षकांचा आक्षेप स्त्रीच्या उघड्या देहाला होता. पोहण्याच्या पोशाखातील फेरी अखेरीस सेशेल्समध्ये घेण्यात आली. ही तडजोड कोणाच्या आक्षेपाला दिलेली दाद होती, हे सांगण्याची गरज नाही. बाजार सक्ती करतो म्हणून स्त्रीवादाने केवळ सक्तीला विरोध केला, तर बंदीचे पुरस्कर्ते त्याच्या शेजारी येऊन उभे राहतात, आणि त्यांच्यापासून वेगळे होण्याची भाषा त्याच्यापाशी उरत नाही.

बाजाराच्या सामर्थ्याकडे डोळेझाक करावी, असा याचा अर्थ नव्हे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. शब्द गेला, पण गोरेपणाचे मूल्य ज्या जातिवर्गीय कल्पनांवर उभे आहे त्या केवळ नामांतराने जात नाहीत. काठ दाखवण्याचा हक्क मिळवलेल्या स्त्रीच्या मुलीसमोर आता उजळ दिसण्याचे कर्तव्य उभे आहे. हक्काचे कर्तव्यात असे रूपांतर होणे, हा आजच्या दडपणाचा खरा स्वभाव आहे.

त्याच वेळी बंदीचे अंगही लोपलेले नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही असे ठराव करावेत, असे परिपत्रक काढले. ताराबाईंच्या निबंधानंतर एकशे चाळीस वर्षांनी अशा ठरावाची गरज पडावी, यातच त्या निबंधाचे समकालीनत्व आहे. येथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. विधवेने कुंकू लावावे, असा नवा दंडक या ठरावांतून निर्माण झाला, तर ती मुक्ती ठरणार नाही. लावण्याचा आणि न लावण्याचा निर्णय तिचा असणे, एवढीच त्याची कसोटी आहे.

यावरून स्त्रीवादी समीक्षेसाठी एक पद्धतिशास्त्रीय दिशा सूचित होते. साहित्यकृतीतील स्त्रीच्या रूपवर्णनाकडे पाहताना ती सुंदर आहे की नाही, किंवा तिच्यावर सुंदर दिसण्याचे दडपण आहे की नाही, हे प्रश्न पुरेसे नाहीत. हे रूप कोणाला दिसावे म्हणून आहे, ते राखण्याचा वा नाकारण्याचा अधिकार संहितेत कोणाला आहे, आणि एका स्त्रीचा शृंगार दुसऱ्या कोणत्या स्त्रीच्या दडवलेल्या काठांवर उभा आहे, हे विचारले गेले पाहिजे. मर्ढेकर-पाटणकरांनी सौंदर्याच्या संकल्पनेला जी शिस्त लावली, तीच शिस्त या प्रश्नांना लाभली, तर मराठी सौंदर्यविचाराने कक्षेबाहेर ठेवलेला प्रदेश त्याच्या कक्षेत येईल. तोवर 'देखणी' या शब्दातील पाहणारा समीक्षेलाही दिसणार नाही.