जादूचे जोडे आणि जमिनीचे व्याकरण

अद्भुत वस्तूची मीमांसा आपल्याकडे बहुधा लोककथेच्या संदर्भात झाली. नियमपुस्तक आणि फासे यांच्या आधारे, टेबलाभोवती बसून अनेकांनी मिळून रचावयाच्या भूमिकाखेळांत हीच वस्तू कोणते कार्य करते, हा प्रश्न त्या मीमांसेच्या कडेलाच राहिला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळातील हिमप्रदेशाचे बूट हे त्या दृष्टीने अर्थपूर्ण उदाहरण आहे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत बर्फाची जमीन ‘दुर्गम’ ठरते. तिथल्या प्रत्येक फुटाला एक फूट जादा मोजावा लागतो. म्हणजे एका खेपेत तीस फूट चालणारे पात्र पंधरा फुटांवर येते. हे बूट घातले की ही वजावट होत नाही आणि उणे ५० अंश फॅरेनहाइटपर्यंतची थंडी सोसता येते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तर याच बुटांनी चालणाऱ्याची पावलेही बर्फावर उमटत नसत.

आता याशेजारी ‘कथासरित्सागरा’तील पुत्रकाची कथा ठेवून पाहावी. मयासुराचे दोन पुत्र पादुका, यष्टी आणि पात्र यांसाठी झुंजत असतात. पुत्रक त्यांना धावण्याच्या शर्यतीला लावतो आणि स्वतः पादुका घालून आकाशमार्गे निघून जातो. व्लादिमीर प्रॉपने लोककथेच्या रूपबंधाच्या विवेचनात (१९२८) जादूच्या साधनाची प्राप्ती आणि त्यामागून येणारे स्थलांतर ही दोन कार्ये सांगितली आहेत. ती इथे तंतोतंत लागू पडतात. या कथेची परंपरा पैठणच्या सातवाहनांच्या दरबारातील गुणाढ्याशी जोडली जाते, आणि तिचे आज उपलब्ध असलेले रूप अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरमध्ये सिद्ध केले. हिमाच्या देशात लिहिली जाऊनही या पादुकांना वाटेत हिम लागत नाही, कारण कथेतील जादू अंतरच रद्द करते. खेळातील जादू मात्र अंतर कायम ठेवते व एका नियमाला अपवाद मिळवून देते. जमीन आधी जड झाल्याखेरीज हे बूट निरर्थक आहेत.

ही जड जमीन आली कोठून? हा खेळ छोट्या प्रतिकृतींच्या युद्धखेळांतून जन्मला. सैन्य दलदलीतून वा टेकडीवरून किती मंदावेल याचा हिशेब तिथे मूलभूत होता. जमीन म्हणजे खर्च, ही कल्पना त्या युद्धपटावरची आहे. तिने अद्भुतकथेला भूमीचे भान दिले, हे मान्य केले पाहिजे. तथापि, हे व्याकरण सर्व भूमींना सारखेच लागू पडते काय?

नांदेड-लातूरच्या काळ्या, भारी जमिनीवर ही कसोटी लावता येते. बर्फाच्या जागी चिखल घातला म्हणजे भागले, असे वरवर वाटेल. परंतु नियमातला बर्फ जागेचा गुणधर्म असतो. ती जागा ओलांडली की तो मागे राहतो. पावसाळ्यातील काळीचा चिखल पायाला लगडतो, पावलागणिक वाढतो आणि शेताबाहेर आल्यावरही सोबत येतो. तो मोजायचा तर प्रत्येक पावलाचा खर्च चढत गेला पाहिजे आणि थांबून पाय खरवडण्यालाही वेळ लागला पाहिजे. शिवाय इथे शहाणा माणूस वहाणा काढून हातात घेतो. ज्या भूमीवर पादत्राण उतरवणे हाच उपाय आहे, तिथे जादूच्या बुटांची कल्पनाच उलटी होते.

उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि पाय पोळतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात पादत्राणाची जन्मकथाच अशी आहे. जमदग्नीने सोडलेले बाण आणताना रेणुकेचे मस्तक व पाय उन्हाने पोळतात. ऋषी सूर्यावर कोपतो, आणि सूर्य छत्री व वहाणा देऊन शरण येतो. नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका ती हीच, अशी श्रद्धा आहे. या वहाणा वेग वाढवीत नाहीत. त्या एका स्त्रीच्या पोळलेल्या पायांची भरपाई आहेत.

तिसरे उदाहरण लातूरच्या सीमेपलीकडील बसवकल्याणचे. बाराव्या शतकातील शरण हरळय्या व कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी जोडे शिवले, अशी लिंगायत परंपरेतील कथा आहे. बसवण्णांनी ते पायांत न घालता मस्तकी धरले. इथे जोड्याला कर्ता आहे, त्याची जात आहे, त्याचा देह आहे. नियमपुस्तकातील बुटांचे गुणधर्म सांगितले जातात. ते कोणी शिवले, हा प्रश्न नियमाला पडत नाही. चामड्याचे काम करणाऱ्यांना ज्या समाजाने गावकुसाजवळ अडवले, त्या समाजातील खेळणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

नियम हीदेखील संहिता आहे, आणि प्रत्येक संहितेप्रमाणे तिच्यात एक हवामान व एक समाजरचना गृहीत असते. मराठीत असे खेळ रचणाऱ्यांनी केवळ नावे बदलली तर माहूरचा डोंगरही परक्या हिवाळ्याचाच एक पडदा राहील. जमिनीचा खर्च कसा मोजायचा आणि जोडा कोणाच्या हातचा, हे दोन नियम नव्याने लिहिण्यापासून सुरुवात करावी लागेल.