थोरातांचा प्रयोग कुठवर पोचतो?

विषय ठरवताना एक पेपर आधी वाचाच: सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल, 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली', २००७. थोरात मूळ अमरावती जिल्ह्यातले, जेएनयूत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पेपर आला तेव्हा ते यूजीसीचे अध्यक्ष होते (२००६ ते २०११).

खासगी नोकरीत जात आड येते का? कंपनीला विचाराल तर उत्तर ठरलेलं, "आम्ही फक्त मेरिट बघतो." म्हणून त्यांनी विचारलंच नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. आपण सायन्सवाले प्रयोगशाळेत हेच करतो, एक चल हलवायचं आणि बाकीची धरून ठेवायची. अमेरिकेत बर्ट्रँड आणि मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांवर असाच प्रयोग छापला होता.

निकाल? पुढचं बोलावणं येण्याचे ऑड्स उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट. (ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे. 'तेहतीस टक्के कमी शक्यता' असं लिहाल तर व्हायव्हात अडकाल.) 'शिक्षण द्या, बाजार जात विसरेल' या युक्तिवादाला हा आकडा थेट भिडतो. कारण हे अर्जदार शिकलेलेच होते.

तरी माझी एक तक्रार आहे. गट तीनच, आदिवासी त्यात नाहीत. मी हे तोरणमाळला बसून लिहितेय. पावरा, वसावे, पाडवी ही आडनावं नंदुरबारात कुणालाही कळतात. पुण्यातल्या एचआरला कळतील? नाही कळली, तर फरक शून्य दिसेल आणि कुणीतरी खुशाल लिहील, 'भेदभाव आढळला नाही'. शिवाय इथले कितीतरी जण हंगामात मुकादमामार्फत गुजरातेत मजुरीला जातात. त्या वाटेवर बायोडेटाच नसतो, मग नाव बदलून पाठवणार काय?

हा दोष थोरातांचा म्हणायचा का? मला नाही वाटत. त्यांनी प्रश्न मुद्दाम अरुंद ठेवला, म्हणून तर उत्तर टिकलं. चूक आपली होते, तो आकडा उचलून साऱ्या विषमतेचं माप म्हणून वापरतो तेव्हा.

कुणाला हाच प्रयोग आदिवासी नावांवर करायचा असेल, तर अर्ज लिहिण्याआधी एक छोटी चाचणी घ्या. भरती करणाऱ्यांसमोर नुसती नावांची यादी ठेवा आणि विचारा, हा माणूस कोण असेल? किती जण 'माहीत नाही' म्हणतात ते मोजा. नमुना किती मोठा घ्यायचा, ते त्यानंतर बघू.