पाच टक्क्यांच्या आत कोण?

गनिमी कावा म्हटलं की आपल्याला सह्याद्री आठवतो. १९८५ साली न्यूयॉर्कमधल्या काही चित्रकर्तींनी तोच कावा कलाविश्वावर चालवला. रात्री भिंतींवर पोस्टरं चिकटवायची, तोंडावर गोरिलाचा मुखवटा चढवायचा, आणि नाव विचारलं तर एखाद्या दिवंगत चित्रकर्तीचं सांगायचं: फ्रिडा काहलो, केथे कोलवित्झ. गटाचं नाव गुरिला गर्ल्स. (गुरिला-गोरिला ही कोटी मराठीतही बिनधोक चालते.) आदल्या वर्षी मोमा संग्रहालयाने जगभरच्या समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. दीडशेहून जास्त कलाकार, त्यात बायका फक्त १३.

त्यांचं १९८९चं पोस्टर तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. अँग्रच्या चित्रातली पाठमोरी नग्न बाई, तिच्या डोक्यावर गोरिलाचं तोंड, आणि प्रश्न: मेट संग्रहालयात शिरायला बाईला कपडे उतरवावे लागतात का? आधुनिक कलेच्या दालनांत चित्रकर्ती ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के बायकांची. २०१२ला त्यांनी पुन्हा मोजलं तर आकडे ४ आणि ७६. म्हणजे तेवीस वर्षांत नग्न पुरुषांना तेवढी जागा मिळाली.

मला हे पोस्टर आवडतं. पण ते जितकं नेमकं मारतं, तितकंच एका ठिकाणी गप्प बसतं. त्या पाच टक्क्यांच्या आत काळ्या बायका किती? पोस्टर विचारत नाही. तिथे बाई म्हणजे फक्त बाई, तिला रंग नाही. चित्रातली बाई मात्र गोरीपान आहे. हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नसेल असंही म्हणता येत नाही. १९७०मध्येच फेथ रिंगगोल्ड आणि तिच्या सोबतिणी व्हिटनी संग्रहालयात अंडी ठेवून ५० टक्के जागा मागत होत्या, आणि त्या निम्म्यात काळ्या कलावती हव्यात हा रिंगगोल्डचा आग्रह होता.

मुखवट्याचंही तेच. काळ्या माणसाला माकड म्हणून हिणवण्याचा अमेरिकेतला इतिहास जुना आहे. गोरी बाई तो मुखवटा घालते तेव्हा तो विनोद असतो, काढला की संपतो. काळ्या बाईने घातला तर त्या विनोदाआधी कितीतरी शिव्या उभ्या असतात. गटात गौरेतर सदस्य होत्या, त्यांनी तो घातलाही. तो त्यांना सारखाच हलका वाटला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून मला त्याच वर्षीचं दुसरं, कमी गाजलेलं पोस्टर सरस वाटतं. त्यात चित्र नाही. जॅस्पर जॉन्सच्या एका चित्रावर १ कोटी ७७ लाख डॉलर उधळलेत, त्या पैशांत या सगळ्यांचं किमान एकेक काम आलं असतं, असं म्हणून खाली नावांची रांग. वंशवाद आणि लिंगभेदाची फॅशन संपल्यावर तुमच्या संग्रहाची किंमत काय राहील, असा सवाल थेट श्रीमंत संग्राहकांना. रांगेत बहुतेक नावं गोऱ्या बायकांचीच आहेत, हेही खरं. पण टक्केवारी विसरता येते, नाव शोधावंसं वाटतं. मी एडमोनिया लुईस शोधली. आफ्रिकी आणि ओजिब्वे वंशाची ही शिल्पकार एकोणिसाव्या शतकात रोमला जाऊन संगमरवर कोरत होती. तिची मरणासन्न क्लिओपात्रा १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडली गेली, मग शिकागोच्या एका दारूच्या गुत्त्यात पोचली, आणि पुढे शर्यतीच्या एका घोडीच्या थडग्यावर उभी राहिली. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे.

त्याच रांगेतल्या ऑगस्टा सॅव्हेजला तेवढंही मिळालं नाही. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक जत्रेसाठी तिने सोळा फुटी 'हार्प' घडवलं: गाणारी काळी मुलं, त्यांच्या उभ्या देहांच्याच तारा. शिल्प प्लास्टरचं होतं. धातूत ओतून घ्यायला आणि ठेवायला पैसे नव्हते, म्हणून जत्रा संपल्यावर ते फोडून टाकलं गेलं. आज फोटो आहेत, आणि जत्रेत आठवण म्हणून विकलेल्या छोट्या प्रतिकृती. मेटच्या दालनात उभं राहून कितीही मोजलं तरी 'हार्प' कुठल्याच आकड्यात येणार नाही.